उसने अभियंते

नगर शहराला पाणी मुळा धरणातून येते. विळदच्या उपसा केंद्रातून ते वसंत टेकडीवर चढते आणि तिथून गल्लोगल्ली उतरते. कोणता व्हॉल्व्ह किती फिरवला की कोणत्या भागाला पाणी पोहोचते, हे पालिकेच्या व्हॉल्व्हमनला तोंडपाठ असते. पण अशा शहरात नवी जलवाहिनी टाकायची ठरली की चित्र बदलते. सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, निविदेचे कागद, कामावरची देखरेख, ठेकेदाराच्या बिलांची तपासणी यांतले बरेचसे काम बाहेरच्या सल्लागार संस्थेकडे जाते. भुयारी गटार, रस्ते, पूल, घनकचरा, मालमत्तांची मोजणी यांचीही तीच तऱ्हा.

या व्यवस्थेवर दोन ठरलेली वाक्ये ऐकू येतात. सभागृहात विचारले जाते, ‘आपले इंजिनिअर पगार घेऊन करतात काय?’ प्रशासन सांगते, ‘माणसेच नाहीत, आणि आहेत त्यांच्यावर आधीच तीन-तीन टेबलांचा भार आहे.’ दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. तरी खरा प्रश्न निराळा आहे. सल्लागाराने आणलेला कागद वाचून त्याला उलट प्रश्न विचारील, असा माणूस महापालिकेत उरला आहे का? नगरच्या आणि राज्यातल्या इतर शहरांच्या गेल्या वीसेक वर्षांच्या अनुभवाकडे याच कसोटीने पाहायला हवे.

बाहेरचे कसब, घरचे हात

बाहेरून जाणकार आणणे या शहराला नवे नाही. विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९मध्ये नगरात ओतली गेली आणि ती ओतणारा मुहम्मद रूमी हा नावाप्रमाणे रूमचा, म्हणजे तुर्की मुलखातला कारागीर होता. नगरच्या निजामशाहीला त्या काळातले सर्वांत अवघड तंत्रज्ञान हवे होते. ते ज्याच्या हातात होते त्याला तिने बोलावले. त्याच राजवटीत कापूरवाडी, शेंडी, वडगावकडून खापरी नळांनी शहरात आणि बागांत पाणी खेळवले गेले. हे नळ पुढे कित्येक पिढ्या चालले, कारण त्यांची देखभाल करणारे लोक इथेच होते.

आधुनिक काळातला याहून बोलका दाखला हैदराबादचा आहे. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीच्या पुराने ते शहर उद्ध्वस्त झाले. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना सल्लागार अभियंता म्हणून पाचारण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी नाव मिळवलेले विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या सेवेतून नुकतेच बाहेर पडले होते. त्यांनी पुराचा अभ्यास केला आणि वरच्या अंगाला जलाशय बांधण्याची शिफारस केली. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले ते प्रामुख्याने हैदराबादच्याच अभियंत्यांच्या हातून. त्यांत अली नवाज जंग यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. सल्ला बाहेरचा होता, पण तो समजून घेणारे आणि बांधकामाच्या दर टप्प्यावर त्याची परीक्षा करणारे खाते संस्थानाचे स्वतःचे होते.

नगर जिल्ह्यात या परंपरेची दुसरी बाजू दिसते. १९२६मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण सरकारी खात्याच्या अभियंत्यांनी बांधले. स्वातंत्र्यानंतरच्या मुळा धरणाचीही तीच कथा. या खात्यांत दोष नव्हते असे नाही. निळवंडे प्रकल्पाला १९७०मध्ये पहिली मान्यता मिळाली तेव्हा खर्च आठ कोटींच्या आत धरलेला होता. डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३मध्ये झाले तोवर तो पाच हजार कोटींच्या पुढे गेला होता. म्हणजे केवळ अभियंते सरकारी आहेत एवढ्याने वेळ आणि पैसा वाचतो, हा भ्रम बाळगायचे कारण नाही. मात्र चूक कुठे झाली हे त्या खात्याच्या नोंदींत शोधता येते. सल्लागार संस्था करार संपताच निघून जाते आणि तिच्याबरोबर कामाची बरीचशी माहितीही जाते.

डीपीआरचा जमाना

नगरची नगरपालिका १८५४ची, महापालिका २००३ची. मधल्या काळात मोठ्या पाणी योजना आखणे हे काम बहुतांश नगरपालिकांनी स्वतः कधी केलेच नाही. आधी सरकारी खाते आणि १९७७पासून महाराष्ट्र पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ ते करून देई. हेच मंडळ पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. प्राधिकरण शुल्क घेई, वेळही लावी, पण आराखडा करणारा आणि तांत्रिक मान्यता देणारा सरकारी असे आणि नेहमीच्या दरसूचीत बांधलेला असे.

डिसेंबर २००५मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले आणि गणित बदलले. लहान-मध्यम शहरांसाठी त्याची जोडयोजना आली. पुढे २०१५मध्ये अमृत व स्मार्ट सिटी आणि २०२१मध्ये अमृतचा दुसरा टप्पा आला. यांतल्या बहुतेक योजनांत पैसा मिळण्याचे दार एकच होते, सविस्तर प्रकल्प अहवाल. चावडीपासून मंत्रालयापर्यंत त्याला ‘डीपीआर’ म्हणतात. ज्या शहराचा डीपीआर आधी तयार, त्याचा क्रमांक आधी. एका वेळी शेकडो शहरांना असे अहवाल हवे झाले. प्राधिकरणाकडे तेवढे हात नव्हते आणि नगरपालिकांकडे तर नव्हतेच. ही पोकळी सल्लागार संस्थांनी भरली. त्यांतल्या अनेक संस्थांत सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते होते, म्हणजे खात्याचे ज्ञानच फी घेऊन परत आले.

घाईत झालेल्या अहवालांचा एक ठरावीक साचा असतो. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची, तिला दरडोई दररोज १३५ लिटरने गुणायचे, गळतीची टक्केवारी मिळवायची आणि त्यावरून टाक्या, पंप, नळांचे व्यास ठरवायचे. हे गणित चुकीचे नाही. अडचण जमिनीखाली असते. जुन्या वाहिन्या नेमक्या कुठून गेल्या आहेत, कुठे खडक लागतो, कोणत्या जागेचा वाद कोर्टात आहे, हे काही आठवड्यांच्या सर्वेक्षणात कळत नाही. ते व्हॉल्व्हमनला, शाखा अभियंत्याला आणि बांधकाम विभागातल्या जुन्या कारकुनाला ठाऊक असते. त्यांना विचारायची सक्ती कुठल्याच करारात नसते. मग खोदकाम सुरू झाल्यावर मार्ग बदलतो, परिमाणे वाढतात, अंदाजपत्रकात नसलेल्या जादा बाबी निघतात, मुदतवाढ मिळते आणि भाववाढीचे बिल येते.

पगार एका खात्यात, फी दुसऱ्या

महापालिका अभियंते का भरत नाहीत? याचे उत्तर हिशेबाच्या शीर्षांत सापडते. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय नवी भरती करता येत नाही, अशी राज्य शासनाची अट आहे. उत्पन्न तुटपुंजे आणि पगार-निवृत्तिवेतनाचा बोजा जुना, अशा ड वर्ग महापालिका ही मर्यादा केव्हाच ओलांडून बसलेल्या असतात. शासनाकडून खास सवलत मिळवल्याखेरीज त्यांना तांत्रिक पदेही भरता येत नाहीत. नगरची महापालिका याच वर्गातली आहे.

उलट सल्लागाराची फी आस्थापनेत धरली जात नाही. ती प्रकल्पाच्या खर्चात जाते आणि त्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र-राज्याच्या अनुदानातून येतो. अमृत योजनेत दहा लाखांखालच्या शहरांना केंद्राचा वाटाच निम्मा होता. म्हणजे कनिष्ठ अभियंता नेमला तर त्याचा सगळा पगार महापालिकेच्या तिजोरीतून जाणार आणि टक्केवारीची मर्यादा आणखी बिघडणार. सल्लागार नेमला तर पैसा बऱ्याच अंशी वरून येणार आणि आस्थापनेचा आकडा जागचा हलणार नाही. आयुक्त कितीही सचोटीचा असो, हा हिशेब त्याला दुसऱ्या पर्यायाकडेच ढकलतो. वायफळ खर्चाला आळा घालण्यासाठी घातलेल्या अटीने प्रत्यक्षात ज्ञानाचाच खर्च बाहेर काढला.

फी देण्याची पद्धतही नीट पाहावी अशी आहे. ती बहुधा प्रकल्पाच्या किमतीच्या टक्केवारीत ठरते. किंमत वाढली की फी वाढते. स्वस्तातला उपाय सुचवणाऱ्याचे नुकसान आणि मोठी टाकी, जाड नळ सुचवणाऱ्याचा फायदा, अशी ही रचना आहे. नवी वाहिनी टाकण्याआधी जुन्या वाहिनीची गळती शोधा, असे सांगणारा सल्लागार स्वतःच्याच पोटावर पाय देतो. शिवाय अनेकदा आराखडा करणारी, निविदा लिहिणारी आणि बिलांवर शिफारस करणारी संस्था एकच असते. आपल्याच आराखड्यातली चूक कामाच्या वेळी उघड करण्यात तिला काय स्वारस्य असणार?

सल्लागाराच्या बाजूचेही ऐकायला हवे. फीचे हप्ते वर्षानुवर्षे अडकतात. सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यायचा आग्रह धरला की जागेवर पाठवायला अनुभवी माणूस परवडत नाही आणि पदवी नुकतीच घेतलेला मुलगा ‘साइट इंजिनिअर’ होतो. राजकीय दबावाने वाहिनीचा मार्ग बदलला तर दोष अहवालाला लागतो. तरीही देवघेवीची ही बाजारपेठ महापालिकेनेच घडवली आहे, कारण काय विकत घ्यायचे हे ती ठरवते.

नगरचा जमाखर्च

‘फेज टू’ हा शब्द नगरकरांना समजावून सांगावा लागत नाही. शहर पाणीपुरवठ्याची ही दुसऱ्या टप्प्याची योजना नेहरू अभियानाच्या काळात मंजूर झाली आणि दशकाहून अधिक काळ रखडली. त्यातली कामे अपुरी असतानाच अमृतमधून मुळानगर ते विळद आणि पुढे वसंत टेकडीपर्यंतच्या नव्या वाहिनीचे काम आले, भुयारी गटारही आले. म्हणजे साडेतीन लाखांच्या शहरात (२०११च्या जनगणनेचा आकडा) एका वेळी तीन मोठे प्रकल्प चालू होते. त्यांतल्या प्रत्येकाचा ठेकेदार निराळा, देखरेखीची साखळी निराळी आणि रस्ता मात्र एकच. आज पाण्यासाठी खोदलेला रस्ता उद्या गटारासाठी खोदला गेला. तिन्ही नकाशे एका टेबलावर मांडून क्रम ठरवणे हे काम कोणत्याच सल्लागाराच्या करारात नव्हते. ते शहर अभियंत्याचे काम. महापालिका अधिनियमात शहर अभियंता हे पद मुद्दाम सांगितले आहे ते एवढ्यासाठीच. त्याच्या हाताखालचे विभाग भरलेले नसतील तर ते पद नावापुरते उरते.

शहरातले अलीकडचे सर्वांत मोठे बांधकाम म्हणजे स्टेशन रस्त्यावरचा सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल. वर्षानुवर्षे कागदावर असलेला हा पूल अखेर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बांधला आणि १९ नोव्हेंबर २०२२ला तो खुला झाला. महामार्गांच्या कामांत देखरेखीसाठी बाहेरचा अभियंता-सल्लागार नेमण्याची पद्धत करारातच असते. पण तिथे त्याची कर्तव्ये, त्याचे अधिकार आणि मालक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे राखून ठेवलेले निर्णय कलमवार लिहिलेले असतात. महापालिकांच्या करारांत हीच बाब बहुधा ढिली असते.

नगरच्या जमाखर्चातली सर्वांत बोचरी नोंद रस्त्यांची आहे. २०१६ ते २०२० या काळातल्या सातशेहून अधिक रस्त्यांच्या कामांना जोडलेले त्रयस्थ तपासणीचे अहवाल बनावट असल्याचा आरोप झाला. शासकीय तंत्रनिकेतनाच्या नावाने खोटी कागदपत्रे वापरली गेली, असे आरोपकर्त्यांचे म्हणणे होते. आरोपांचा निवाडा यंत्रणा करतील. पण असा आरोप होऊ शकतो यातच दुखणे दिसते. अहवाल पाठवणारी संस्था आणि तो स्वीकारणारे कार्यालय एकाच शहरात असताना खरे-खोटे एका फोनवर कळायला हवे. ज्या कार्यालयात अहवाल वाचण्याऐवजी फक्त बिलाला जोडला जातो, तिथे तो फोन कोणी करत नाही.

शेजारच्या शहरांचे अनुभव

कोल्हापूरच्या काळम्मावाडी थेट पाइपलाइनचे काम २०१४मध्ये सव्वादोन वर्षांच्या मुदतीने सुरू झाले आणि पाणी शहरात पोहोचले २०२३च्या दिवाळीला. मधल्या काळात ठिकपुर्ली इथल्या एका छोट्या पुलाच्या बिलावरून गदारोळ झाला. प्रत्यक्ष खर्चाच्या कित्येक पट रक्कम त्यावर दाखवल्याचा आक्षेप होता आणि बिले तपासणाऱ्या सल्लागाराच्या भूमिकेवर सभागृहात झोड उठली. वादाचे मूळ असे की मोजमाप सल्लागाराने घेतले आणि महापालिकेच्या अभियंत्याने जागेवर पुन्हा टेप लावली का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते.

पुण्याच्या चोवीस तास पाणीपुरवठा योजनेत आराखड्यासाठी परदेशी सल्लागार संस्था होती. जून २०१७मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले आणि त्यांची वाजतगाजत नोंदणी झाली. पण आलेल्या निविदा चढ्या दराच्या ठरून त्याच वर्षी रद्द कराव्या लागल्या आणि फेरनिविदेत शेकडो कोटींचा फरक पडला. कर्जावरचे व्याज सुरू, काम बंद, असा काळ गेला. पुण्यात मात्र जागरूक नगरसेवक, स्वयंसेवी संस्था आणि निवृत्त अभियंते यांनी दरांचा कीस काढला. शहरात प्रश्न विचारणारी जाणकार माणसे असली की सल्लागाराचा अहवाल अंतिम शब्द ठरत नाही, याचा हा पुरावा.

औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, सल्लागाराच्याही पुढे जाऊन पूर्ण पाणीपुरवठाच ‘समांतर’ योजनेत खासगी कंपनीकडे दिला. २०१६मध्ये तो करार मोडावा लागला. त्यानंतर १,६८० कोटींची नवी योजना जीवन प्राधिकरणाकडे आली, तिचा खर्च पुढे बराच वाढला आणि कामाच्या गतीवर लक्ष ठेवायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला पुढे यावे लागले. अभियंत्यांनी करायची विचारपूस अखेर न्यायाधीशांनी केली.

शिक्का आणि जबाबदारी

मुंबई महापालिकेकडे देशातला बहुधा सर्वांत मोठा नागरी अभियंता-वर्ग आहे. तरीही २०१६च्या रस्ते घोटाळ्यात ठेकेदारांबरोबर त्रयस्थ लेखापरीक्षकांच्या माणसांना अटक झाली. १४ मार्च २०१९ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला आणि सात जणांचा बळी गेला. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीने वापरायोग्य ठरवलेला होता. तपासणी करणाऱ्या सल्लागाराला अटक झाली, महापालिकेच्या अभियंत्यांनाही झाली. या अटकांनी एक गोष्ट ठळक केली. बाहेरचा शिक्का घेतला म्हणून आतल्या माणसाची जबाबदारी संपत नाही.

तपासणी झाली आणि काम झाले यांतही अंतर असते. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयात लागलेल्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. तज्ज्ञाचा अहवाल मागवणे सोपे असते. त्यातली प्रत्येक सूचना कोणी, किती दिवसांत, कुठल्या निधीतून पूर्ण करायची हे ठरवणारा अधिकारी मिळणे अवघड असते.

ही व्यथा आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराखालून महामार्ग नेणारा ‘बिग डिग’ प्रकल्प तिथल्या राज्याने एका बड्या सल्लागार जोडीकडे सोपवला. १९९८मध्ये खर्च वाचवण्यासाठी राज्याचे कर्मचारी आणि सल्लागाराचे कर्मचारी एकाच संघटनेत मिसळून टाकले. देखरेख करणारा आणि जिच्यावर देखरेख करायची ती संस्था, यांत फरकच उरला नाही. १० जुलै २००६ला बोगद्याच्या छताचे तक्ते कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली आणि २००८मध्ये सल्लागारांना कोट्यवधी डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. भरपाई मिळाली खरी, पण ती मिळवून देणारी पकड राज्याने आधीच ठेवली असती तर तक्ते कोणत्या गोंदावर टांगले आहेत हा प्रश्न वेळेत विचारला गेला असता.

काय करता येईल

पहिली दुरुस्ती शासनाच्या हातात आहे. ३५ टक्क्यांच्या मर्यादेतून तांत्रिक पदे वगळावीत, किंवा सल्लागारांची फी आणि अभियंत्यांचे पगार एकाच शीर्षाखाली मोजावेत. दोन्ही खर्च शेजारी मांडले की कोणता पर्याय स्वस्त आहे ते लपून राहणार नाही. नगरपरिषदांसाठी राज्यस्तरीय अभियांत्रिकी संवर्ग आहे. लहान महापालिकांसाठीही तसाच, बदलीचा पण पालिकेला बांधील असा संवर्ग करता येईल.

दुसरी करारांची. आराखडा करणारी आणि बिले तपासणारी संस्था वेगळी असावी. फी टक्केवारीत न ठेवता कामाच्या टप्प्यांवर ठरावी आणि तिचा एक हिस्सा दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत राखून ठेवावा. निवडीत दरापेक्षा गुणवत्तेला जास्त वजन द्यावे, कारण सल्ला हा सिमेंटसारखा सर्वांत स्वस्त बोलीवर घ्यायचा माल नाही. अहवालाबरोबर मूळ मोजणी, नकाशांच्या संगणकीय फाइली आणि गणिते महापालिकेच्या ताब्यात देणे सक्तीचे असावे. आज कित्येक ठिकाणी छापील बाडच तेवढे हाती येते आणि पुढच्या प्रकल्पाला तीच मोजणी पुन्हा विकत घ्यावी लागते.

तिसरी दुरुस्ती जिल्ह्यातल्या ताकदीची आहे. संगमनेर, लोणी, कोपरगाव आणि खुद्द विळद घाटात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, नगरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकारातून २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ची कल्पनाच अशी होती की महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे पाणी, रस्ते, सांडपाणी यांचे प्रश्न अभ्यासाचा विषय करावेत. जुन्या वाहिन्यांचा नकाशा, गळतीची मोजणी, खोदलेल्या रस्त्यांची नोंद ही कामे दरवर्षी विद्यार्थ्यांच्या तुकड्यांकडून करून घेता येतील. त्रयस्थ तपासणीचे अहवालही थेट संस्थेकडून महापालिकेच्या संकेतस्थळावर यावेत, ठेकेदाराच्या हातून येऊ नयेत. बनावट कागदाची वाट तिथेच बंद होईल.

चौथी गोष्ट नागरिकांची. डिसेंबर २०२३मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर नगरचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. अशा काळात सल्लागारांची नेमणूक, तिची फी आणि तिचे अहवाल लोकांसमोर ठेवले जाणे आणखी गरजेचे होते. सभागृह असताना तरी नगरसेवकांनी रस्त्याच्या लांबीइतकेच अहवालातल्या गृहीतकांकडे लक्ष द्यावे.

बाहेरच्या तज्ज्ञांची गरज संपणार नाही. मलशुद्धीकरणाची नवी प्रक्रिया, पुलाची संरचनात्मक तपासणी, नदीच्या पूररेषेचे गणित अशा कामांसाठी साडेतीन-चार लाखांच्या शहराने कायमचा विशेषज्ञ पोसणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी सल्लागार घ्यावा, चांगला घ्यावा आणि त्याला चोख पैसे द्यावेत. मात्र त्याच्या कराराच्या मसुद्यातच महापालिकेचे कोणते दोन-तीन अभियंते हे काम पहिल्या दिवसापासून शिकतील, मोजमाप पुस्तकावर कोणाची सही असेल आणि काम संपल्यावर माहिती कोणाच्या ताब्यात राहील, हे नावानिशी लिहिलेले असावे. ती नावे लिहिता येत नसतील तर त्या शहराने सल्लागाराची निविदा थांबवून आधी अभियंत्यांची जाहिरात काढावी.